बंदीच्या दोन महिन्यांत घरचं इंटरनेट: बिल हलकं कसं ठेवायचं?



१ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद. बोटी वर, जाळी घरात आणि सगळं कुटुंब टीव्हीसमोर. कमाई थांबते, पण बिलं थांबत नाहीत. सर्वणात, कारापुरात आपल्यापैकी बरेच जण नवीन कनेक्शन घ्यायच्या विचारात आहेत, म्हणून थोडा हिशोब मांडतो.

१. आधी गरज मोजा

टीव्हीवर फुल एचडी बघायला साधारण ५ एमबीपीएस वेग लागतो. मोबाईलवरच्या व्हिडिओला २-३ पुरतो. एक टीव्ही, दोन मोबाईल आणि पोरांचा ऑनलाइन क्लास एकाच वेळी चालला तरी १५ च्या आत भागतं. म्हणजे ३०-४० चा प्लॅन चार-पाच माणसांच्या घराला पुरे. एजंट १०० किंवा २०० चा गळ्यात मारायला बघेल. घाई करू नका.

मोबाईलच्या हॉटस्पॉटवर टीव्ही चालवणं मात्र परवडत नाही. एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत डेटा जातो. रोजचा दीड जीबीचा पॅक अर्ध्या तासात खलास.

२. किंमत पूर्ण विचारा

जाहिरातीत ₹३९९ दिसले तरी बहुतेक वेळा वर १८ टक्के जीएसटी असतो, म्हणजे हातात बिल ₹४७१ चं. वर्षाला ₹५,६५२. राउटरचं डिपॉझिट किती, परत कधी मिळणार, जोडणीचे पैसे वेगळे का, हे विचारून पावती घ्या.

सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरले तर स्वस्त पडतं, हे खरं. पण आमच्यातल्या एका बोटमालकाने मे महिन्यात असे पैसे भरले, आणि पहिल्याच पावसात झाड पडून केबल तुटली. दुरुस्तीला तीन आठवडे लागले. म्हणून पहिला पावसाळा महिन्या-महिन्याने भरा. शेजाऱ्याकडे कोणाची लाईन पावसात टिकते, ते बघा आणि मगच वर्षाचं ठरवा.

३. राउटर कुठे ठेवायचा?

आपली घरं चिऱ्याची, भिंती जाड. कोपऱ्यातल्या खोलीत राउटर ठेवला तर स्वयंपाकघरात नेट पोचत नाही. घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवा. वायफायची दोन नावं दिसली तर लांबच्या खोलीत २.४ वालं वापरा. ते भिंतीतून जास्त जातं.

गडगडाट सुरू झाला की राउटर आणि टीव्हीचे प्लग काढा. लाइट जाते तेव्हासाठी राउटरचा छोटा यूपीएस मिळतो.

४. टीव्हीला नवीन खर्च नको

जुन्या टीव्हीला एचडीएमआयचं भोक असेल तर स्ट्रीमिंग स्टिक लावून काम होतं. नवीन स्मार्ट टीव्ही हप्त्यावर घ्यायची गरज नाही.

बातम्या आणि मालिकांसाठी डीडी फ्री डिश आहे. एकदा डिश आणि बॉक्स घेतला की महिन्याचं भाडं नाही. सह्याद्री वाहिनी त्यावर दिसते. प्रसार भारतीचं वेव्हज अ‍ॅप २० नोव्हेंबर २०२४ रोजी आपल्या गोव्यातच, इफ्फीत सुरू झालं. त्यावरही बरंच काही फुकट आहे.

पैसे देऊन अ‍ॅप घ्यायचं तर एका महिन्याला एकच. बघून झालं की बंद, पुढच्या महिन्यात दुसरं. ऑटोपे चालू राहिला तर बंदीतही पैसे कापले जातात. कापण्याच्या २४ तास आधी मेसेज येतो, तो वाचा. यूपीआय अ‍ॅपमध्ये जाऊन ऑटोपे रद्द करता येतो.

५. नेट फक्त सिनेमासाठी नाही

ऑगस्टात बोटी परत सुटतात, तेव्हा दर्या शांत असतोच असं नाही. हवामान खात्याचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉईसचा लाटांचा व मासळीच्या जागेचा अंदाज घरी बसून बघता येतो. निघायच्या आधी घरातल्या पोरांना तो बघायला लावा. पण ध्यानात ठेवा, घरचं नेट घरापुरतंच. खोल दर्यात मोबाईलची रेंज नसते, तिथे व्हीएचएफच कामाचा.

थोडक्यात, लहान प्लॅन, फुकटातली टीव्ही, एका वेळी एकच अ‍ॅप. उरलेले पैसे जाळ्याच्या दुरुस्तीला ठेवा.

तुमच्या वाड्यावर कोणाची लाईन पावसात चांगली चालते, ते खाली लिहा. दुसऱ्यांचे पैसे वाचतील.