पेट्रोलचा काटा आणि आपला हिशेब

टाकी फुल केली की पहिले ऐंशी-शंभर किलोमीटर काटा जागचा हलत नाही; अर्ध्याखाली आला की मात्र बघता बघता लाल पट्टी गाठतो. गाडी चालवणाऱ्या कुणालाही हे नवीन नाही. चुकतात ते त्यावरून आपण काढलेले निष्कर्ष. पंपावर मापात पाप आहे, गाडीचे अ‍ॅव्हरेज पडले, सर्व्हिसिंगवाल्याने काहीतरी बिघडवले, असे तीन-तीन आरोप या एका काट्याच्या साक्षीवर केले जातात. माझे म्हणणे इतकेच, की हा साक्षीदार त्या कामाचाच नाही. टाकीत नेमके किती लिटर आहेत हे सांगण्यासाठी तो बसवलेला नाही; आपण रस्त्यात अडकू नये यासाठी बसवला आहे. आणि हे दुसरे काम नीट व्हावे म्हणून पहिल्यात थोडी चूक मुद्दाम ठेवलेली असते.

बहुतेक पेट्रोल गाड्यांत इंधनाचा पंप टाकीच्या आतच असतो आणि त्याच्या अंगाला एक तारेचा दांडा, दांड्याच्या टोकाला तरंगणारा फ्लोट. इंधन उतरेल तसा फ्लोट उतरतो, दांडा फिरतो आणि त्याचे दुसरे टोक विद्युतरोधाच्या पट्टीवर सरकते. डॅशबोर्डला कळतो तो एवढा रोध. म्हणजे मोजली जाते फ्लोटची उंची, लिटर नव्हेत. टाकी सरळ उभ्या डब्यासारखी असती तर उंचीवरून लिटर काढणे अवघड नव्हते. पण गाडीत टाकीच्या वाट्याला उरलीसुरली जागा येते. सीट, सस्पेन्शन, सायलेन्सरचा पाइप हे सगळे बसल्यावर जे कोनेकोपरे राहतात त्यांच्या मापाने तिला आकार दिलेला असतो. काही गाड्यांत तर ती खोगिरासारखी मधून उचललेली असते, आणि एका बाजूचे इंधन दुसऱ्या बाजूला ओढून आणावे लागते. अशा भांड्यात पातळी एक सेंटिमीटर उतरली, तर वरच्या भागात जितके इंधन गेले तितकेच तळाशी गेले असे म्हणता येत नाही. नव्या गाड्यांत या आकाराचे कोष्टक संगणकात भरलेले असते. त्याने चूक कमी होते, संपत नाही.

खरी गंमत दोन टोकांना आहे. फ्लोट वरच्या मर्यादेला टेकल्यावरही टाकीत आणि नळीत आणखी इंधन मावते. तेवढे जळेपर्यंत फ्लोट हलणार कसा? म्हणून वरचा अर्धा भाग जास्त किलोमीटर देतो, खालचा कमी, आणि काट्यावरून अ‍ॅव्हरेज काढणारा माणूस एकाच टाकीत आधी खूश होतो, मग हवालदिल. खालच्या टोकाला काटा शून्यावर आला तरी काही लिटर शिल्लक राहावेत, असा तो मुद्दामच लावलेला असतो. जुन्या मोटारसायकलवर हे काम कॉक करत असे. गाडी रिझर्व्हला लागली की चालत्या गाडीवर वाकून कॉक फिरवायचा आणि पंप शोधायचा. चारचाकीत तोच कॉक काट्याच्या आकड्यांत लपवला आहे.

मग शून्यावरही गाडी खुशाल पळवावी, असा युक्तिवाद मी अनेकदा ऐकतो. तो दोन कारणांनी फसवा आहे. शिल्लक किती हे मॉडेलगणिक, आणि उतारागणिकही, बदलते. शिवाय टाकीतला पंप त्याच्याभोवतीच्या आणि त्यातून वाहणाऱ्या इंधनानेच थंड राहतो. तो वारंवार कोरडा पडू लागला की त्याचे आयुष्य घटते. डिझेल गाडीने एअर पकडली, म्हणजे इंधनाच्या नळीत हवा शिरली, तर पुढे डिझेल भरूनही ती लगेच सुरू होईल याची खात्री नसते.

उताराचे वेगळे सांगायला हवे. खंबाटकी किंवा आंबेनळी घाट चढताना टाकीतले इंधन मागे जमते, उतरताना पुढे. फ्लोट ज्या बाजूला असेल त्याप्रमाणे काटा वर किंवा खाली सरकतो. वळणावर, खड्ड्यात इंधन हिंदकळते, तेव्हा काटा नाचू नये म्हणून त्याची चाल मुद्दाम मंद केलेली असते. त्यामुळे क्षणभराचा हेलकावा लपतो, पण लांबलचक घाटाचा उतार लपत नाही.

यावर कुणी म्हणेल, मोबाइलच्या जमान्यात अचूक सेन्सर बसवायला काय हरकत आहे? विमानांत ते असतात. पण 23 जुलै 1983 रोजी एअर कॅनडाच्या बोइंग 767 चे इंधनमापक बंद होते. टाकीतली पातळी हाताने मोजली गेली, पण लिटरचे किलो करताना 0.8 ऐवजी 1.77 हा पौंडांचा गुणक वापरला गेला. निम्म्याहून कमी इंधन घेऊन उडालेले ते विमान इंजिने बंद पडल्यावर तरंगत गिमली इथल्या जुन्या धावपट्टीवर उतरले; सुदैवाने कुणाचा जीव गेला नाही. मला त्यातून दिसते ते हे, की एकट्या मापकावर विसंबणे जितके धोक्याचे, तितकेच एकट्या गणितावर विसंबणेही. दोन्ही एकमेकांना ताडून बघायचे असतात. डॅशबोर्डवरचा 'इतके किलोमीटर जाईल' हा आकडाही याला अपवाद नाही. तो त्याच फ्लोटच्या उंचीवरून काढलेले लिटर आणि अलीकडचे अ‍ॅव्हरेज यांचा गुणाकार आहे. घाट चढताना तो झरझर उतरतो आणि उतरताना वाढतो, म्हणून काही इंधन वाढत नाही.

आता पंपावरचा आरोप. पुस्तिकेत 42 लिटरची टाकी आणि पावती 45 लिटरची, म्हणजे चोरीच, असे सरसकट धरले जाते. पुस्तिकेतला आकडा काठोकाठ भरण्याचा नसतो. वाफेसाठी, प्रसरणासाठी जागा सोडलेली असते (तापमान दहा अंशांनी वाढले की पेट्रोल साधारण एक टक्क्याने फुगते), शिवाय नळीतही काही इंधन मावते. म्हणून सगळे पंप धुतल्या तांदळासारखे आहेत असे मी म्हणत नाही. शंका असेल तर 'झिरो बघा साहेब'वर समाधान मानू नका. वैधमापन खात्याचा शिक्का असलेले पाच लिटरचे माप पंपावर असते, त्यात भरून दाखवायला सांगा. तो ग्राहकाचा हक्क आहे. काटा मात्र पुरावा म्हणून पुढे करू नका.

अ‍ॅव्हरेज काढायचे तर फुल ते फुल काढा. नोझल आपोआप बंद झाला की थांबा, ट्रिप मीटर शून्य करा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर पुन्हा तिथपर्यंत भरा आणि किलोमीटरला लिटरने भागा. राऊंड फिगरसाठी वर दाबून भरू नका. हिशेब बिघडतो आणि वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात पेट्रोल शिरू शकते. सीएनजीवाल्यांनी गॅस किती उरला हे दाखवणाऱ्या दिव्यांवर आणखी कमी विसंबावे, कारण तिथे दाब मोजला जातो आणि भरताना तापलेला गॅस निवला की दाब आपोआप उतरतो.

काट्याची सवय ओळखून ठेवा. तो नेहमी जसा चुकतो तसाच चुकत असेल तर ठीक. पण अचानक उड्या मारू लागला, एका जागी अडकला किंवा भरल्या टाकीत शून्य दाखवू लागला, तर फ्लोटमध्ये इंधन शिरले असेल किंवा पट्टीचा संपर्क खराब झाला असेल. मग गॅरेज गाठा. एरवी पाव टाकीवर पंप बघायचा, आणि गणपतीत कोकणात निघाला असाल तर घाटाआधीच, अर्धी टाकी असतानाही, फुल करून घ्या. एसी लावून कोंडीत उभ्या असलेल्या गाडीचे किलोमीटर वाढत नाहीत, पेट्रोल मात्र जळत राहते.