बर्फावरचा गडी

हॉकीचे नाव आपण ऐकले आहे. पण बर्फावरची हॉकी निराळी. थंड मुलखात पाणी गोठून दगडासारखे होते. त्यावर पोलादी पात्यांचे बूट घालून गडी घसरत धावतात. आपल्या देशात लडाखमध्येही हा खेळ खेळतात. यात चेंडू नसतो. रबराची चपटी चकती असते. तिचे वजन सुमारे १७० ग्रॅम. एका बाजूचे सहा गडी मैदानात असतात. एक गोल राखतो, दोघे बचाव करतात, तिघे चढाई करतात. या तिघांना आघाडीचे गडी म्हणतात.

अशाच एका गड्याची ही गोष्ट. त्याचे नाव यारोमीर यागर. चेकोस्लोव्हाकिया देशातल्या क्लाद्नो गावी १९७२ साली तो जन्मला. त्याचे आजोबा शेतकरी. आपली जमीन सोडायला ते तयार नव्हते, म्हणून त्या वेळच्या राजवटीत त्यांनी तुरुंग भोगला. १९६८ साली ते वारले. त्याच साली रशियाचे रणगाडे देशात शिरले. ते साल नातवाने विसरू दिले नाही. आपल्या सदऱ्यावर त्याने ६८ हा आकडा घातला.

१९८९ साली ती राजवट गेली. १९९० साली अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या संघाने यागरला घेतले. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. अंगात ताकद होती, हातात कसब होते, पण इंग्रजी बोलता येत नव्हते. मुलूख परका, माणसे परकी. पोराला घरची फार आठवण येई. भाषा येत नसली की शहाणा माणूसही मुका होतो. हे तुम्हाला आम्ही काय सांगावे? पाटी वाचता येत नसताना तालुक्याच्या गावी कसे वाटते, ते तुम्ही जाणताच.

मग संघाने काय केले? त्याच डिसेंबरात यिर्झी हर्डीना नावाचा चेक खेळाडू आणला. बोलायला आपले माणूस मिळाले. यागरचा जीव रमला. हळूहळू तो इंग्रजीही शिकला. १९९१ आणि १९९२ साली त्याच्या संघाने मानाचा स्टॅनले चषक जिंकला. १९९८ साली त्याच्या देशाने ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळवले, त्यातही तो होता.

आता थोडा हिशेब करू. गोल केला की एक गुण. दुसऱ्याला गोल करायला मदत केली, तरी एकच गुण. अमेरिकेच्या मोठ्या स्पर्धेत २०१८ पर्यंत यागरने ७६६ गोल केले. मदतीचे गुण मिळवले ११५५. एकूण झाले १९२१. पाहा बरं, स्वतःच्या गोलांपेक्षा मदतच जास्त! आम्हाला या गड्याचे मोठेपण यातच दिसते.

पैसा, नाव सारे मिळाले. तरी तो क्लाद्नोला परतला. गावच्या संघाची मालकी त्याने घेतली होती; त्याच संघातून पन्नाशी उलटल्यावरही तो खेळला. २०२४ साली पिट्सबर्गने ६८ आकडा कायमचा त्याच्या नावे ठेवला. आजोबांच्या आठवणीचा आकडा परमुलखात टांगला गेला.

पोटासाठी आपली पोरेही मुंबई-पुण्याला जातात. नव्या जागी त्यांना एक हर्डीना भेटावा. आणि आपल्या गावात कोणी नवखा आला, तर आपण त्याचा हर्डीना व्हावे.

प्रश्न
१. यागरने ६८ हा आकडा का घेतला?
२. परदेशात त्याला कोणती अडचण आली? ती कशी दूर झाली?
३. ७६६ आणि ११५५ यांची बेरीज करून पाहा.