अर्धी भरलेली विनंती

लिनक्सच्या कर्नलमध्ये फाइल वाचायची किंवा लिहायची म्हटलं की बहुतेक वाटांवर आधी एक छोटं स्ट्रक्चर तयार होतं, केआयओसीबी नावाचं. कोणती फाइल, कोणत्या ऑफसेटपासून, कोणते फ्लॅग, कोणता प्राधान्यक्रम, काम संपल्यावर कोणतं फंक्शन बोलवायचं, एवढाच त्यातला ऐवज. ६४ बाइटच्या एका कॅशलाइनमध्ये सगळं मावतं. माझं सांगणं एवढंच की या स्ट्रक्चरची फील्डं जागोजागी सुटी सुटी भरू नका. विनंती वाचनाची असो वा लेखनाची, ती एकाच ठिकाणाहून पूर्ण भरून बाहेर पडू द्या. याला कुणी टापटिपीचा सोस म्हणेल, पण तसं नाही. सुट्या भरणीतली चूक कोड लिहिला त्या दिवशी सहसा घातक नसतेच. ती घातक होते काही वर्षांनी, दुसऱ्याच कुणीतरी केलेल्या सरळ, वाजवी बदलामुळे.

याचा सगळ्यात बोलका पुरावा केआयओसीबीच्या शेजारघरातला आहे. २०१६ साली ४.९ कर्नलमध्ये पाइपमध्ये डेटा ओतणारा नवा कोड आला. पाइपच्या बफराचं पान, ऑफसेट, लांबी हे सगळं तो भरत होता; फ्लॅगचं फील्ड मात्र दोन फंक्शनांत तसंच राहिलं. तेव्हा त्या फील्डात जीव जाईल असं काही नव्हतं. २०२० मध्ये ५.८ कर्नलमध्ये एक साफसफाई झाली आणि ‘या बफरात पुढचा मजकूर जोडता येईल’ ही खूण त्याच फ्लॅगमध्ये येऊन बसली. झालं. पाइप एकदा भरून रिकामा केला की जुनी खूण जागेवर राही. मग फक्त वाचायची परवानगी असलेल्या फाइलचं पान स्प्लाइस करून त्याच जागी आणलं आणि पाइपमध्ये लिहिलं, की मजकूर थेट त्या फाइलच्या पेज कॅशमध्ये उतरे. साध्या वापरकर्त्याला रूट होण्याची वाट मोकळी. मॅक्स केलरमन यांना हे सापडलं ते बिघडलेल्या लॉग फाइलींचा माग काढताना. मार्च २०२२ मध्ये ‘डर्टी पाइप’ या नावाने ते जाहीर झालं आणि दुरुस्ती निघाली दोन ओळींची: दोन्ही फंक्शनांत फ्लॅग शून्य करणं. २०१६ चा पॅच एकटा वाचला तर निरुपद्रवी वाटतो, २०२० चाही. दोष दिसतो तो दोन्ही शेजारी ठेवले तरच, आणि रिव्ह्यू करणाऱ्यासमोर ते तसे क्वचितच येतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: मेमरी घेतानाच शून्य करून घ्या, नाहीतर स्टॅकवरची व्हेरिएबल्स कम्पायलरकडून शून्य करवून घ्या, मग चिंता कसली? दोन्ही सोयी चांगल्या आहेत, चालू ठेवाव्यात. पण पाइपच्या बफरांची रांग मुळात शून्य करूनच घेतलेली होती! पहिल्या पंगतीचं ताट न विसळता दुसऱ्या पंगतीला मांडावं तसं झालं. ताट विकत घेतलं तेव्हा स्वच्छ होतं, हा काही बचाव नाही. पुन्हा वापरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूला हे लागू पडतं. आणि न भरलेली मेमरी पकडणारं केएमसॅन हे साधनही इथे गप्प बसलं असतं, कारण त्याच्या लेखी ती जागा भरलेलीच होती. जुन्या कामातल्या किमतीने, एवढंच.

शिवाय शून्य ही दर वेळी बरोबर किंमत असते, हेही खरं नाही. प्रत्येक लेखन डिस्कवर पोचल्याशिवाय परतू नये अशा अटीवर फाइल उघडली असेल, तर ती अट फाइलमधून विनंतीच्या फ्लॅगमध्ये उतरावी लागते. फ्लॅग कोरे राहिले तर लेखन यशस्वी म्हणून परत येतं आणि वीज गेल्यावर कळतं की डेटा डिस्कवर गेलाच नव्हता. म्हणून इनिट_सिंक_केआयओसीबी हे फंक्शन नुसतं पुसत नाही. फाइल, फाइलवरून ठरलेले फ्लॅग आणि चालू प्रोसेसचा प्राधान्यक्रम भरतं, बाकीचं शून्य करतं. कर्नलमधल्या साध्या वाचनाचं आणि साध्या लेखनाचं फंक्शन, दोन्ही इथूनच सुरुवात करतात आणि मग ऑफसेट घालतात. क्रमही महत्त्वाचा आहे. पीरीडव्ही२ किंवा पीराइटव्ही२ मधून आलेले जादा फ्लॅग नंतर ‘ऑर’ करून मिसळले जातात. खाली पाया घातलेलाच नसेल तर ते कचऱ्यात मिसळतील. उलट, तुम्हाला एखादा फ्लॅग जोडायचा असताना ‘ऑर’ऐवजी नुसतं बरोबर-चिन्ह टाकलंत, तर फाइलवरून आलेली अट पुसली जाते. रिव्ह्यूत नजर सर्वात आधी या एका चिन्हावर जायला हवी.

वेगाचा आक्षेप मात्र मी हलका मानत नाही. आयओ_यूरिंगमध्ये विनंतीची स्ट्रक्चरं पुन्हा पुन्हा वापरली जातात आणि दर वेळी अख्खं स्ट्रक्चर पुसणं तिथे मुद्दाम टाळलेलं आहे. ते मान्य. पण तिथेही फाइलवरून फ्लॅग घेण्याचं काम वाचन-लेखन दोघांना सामायिक अशा एका फंक्शनमध्ये आहे. म्हणजे पुसण्याचा खर्च वाचवता येतो; भरण्याची जागा एक ठेवायला खर्च पडत नाही. मोजमाप हातात असेल तर पुसणं जरूर गाळा, पण गाळलेलं प्रत्येक फील्ड कुणाच्या हातून भरलं जाणार ते तिथल्या तिथे लिहून ठेवा.

त्याहून पक्का उपाय ब्लॉक थरात २०२२ साली, ५.१८ कर्नलमध्ये झाला. तोवर बायो नावाची विनंती आधी घ्यायची आणि तिच्यात डिव्हाइस व क्रिया नंतर भरायची, अशी रीत होती. तिथे वाचनाचा क्रमांक ० आणि लेखनाचा १ आहे. क्रिया भरायची राहिली तर लेखन म्हणून पाठवलेली विनंती निमूटपणे वाचन होते आणि डिस्कवरचा जुना मजकूर तुमच्या बफरवर येऊन बसतो, तोही यशस्वी म्हणून. आता डिव्हाइस आणि क्रिया दोन्ही बायो घेणाऱ्या फंक्शनलाच द्यावी लागतात. विसरलात तर कोड कम्पाइलच होत नाही. कर्नलबाहेर सांभाळलेले ड्रायव्हर अशा बदलाने मोडतात, ही कुरकुर रास्त आहे. मात्र मोडतात ते बिल्ड करताना, ग्राहकाच्या डिस्कवर नव्हे. तुमच्या मॉड्यूलमध्ये केआयओसीबी हाताने भरणाऱ्या जागा शोधून काढा, आणि हे स्ट्रक्चर एका फाइलवरून दुसऱ्या फाइलवर उतरवून घेणारा कोड असेल तर तोही त्याच यादीत धरा. नवं फील्ड आलं की सगळ्यात आधी विसरली जाते ती हीच जागा.