खडा केवढा, एवढंच विचारू नकोस

अगं, "१४ मिलिमीटरचाच तर आहे, लेसरने चुटकीसरशी फुटेल," असं सगळ्यांना सांगत सुटली आहेस म्हणे! फुटेलही. पण यूरॉलॉजीच्या ओटीत रोज उभी असते म्हणून सांगते, खडा केवढा यापेक्षा तो बसलाय कुठे आणि तिथवर पोचायचं कसं, यावर सगळं अडतं. आणि ते बरंचसं आधीच सीटीवर कळतं.

नुसत्या सोनोग्राफीवर थांबू नकोस. तिच्यात माप कमीजास्त येतं, नळीतला खडा तर कधी दिसतही नाही. डाय न देता काढलेला साधा सीटी केयूबी हवा. हो, पाळी चुकली असेल तर तिथे आधी सांग, लाजू नकोस.

डॉक्टरांकडे रिपोर्टबरोबर सीडीही ने. आमचे सर रिपोर्ट बाजूला ठेवतात आणि एकेक चित्र पुढेमागे सरकवत किडनीच्या खालच्या कप्प्याचा कोन मोजतात. तुझा खडा तिथलाच, म्हणून नीट ऐक. दुर्बीण लघवीच्या वाटेने वर चढते आणि मग तिला मागे वळून खाली उतरावं लागतं. हा कोन ३० अंशांहून कमी, कप्प्याची मान ३ सेंटिमीटरहून लांब किंवा ५ मिलिमीटरहून अरुंद असली, की काम अवघड. दुर्बिणीचं टोक एरवी २७० अंशांपर्यंत वळतं, पण आत लेसरचा फायबर घातला की तेवढं वळत नाही. मग जमेल तर खडा बास्केटमध्ये धरून वरच्या कप्प्यात आणतात आणि तिथे फोडतात. सीटी नीट पाहिलेला असला की बास्केट आधीच ट्रॉलीवर असते, नाहीतर ऐनवेळी कपाट धुंडाळायला मी धावते.

रिपोर्टमध्ये एचयूचा आकडाही बघ. हजाराच्या वर असेल तर खडा कडक, वेळ जास्त लागणार. ५००च्या आत असेल तर यूरिक ॲसिडचा असू शकतो. तसा असला तर औषधाने विरघळेल का, हे जरूर विचार. कप्प्याचं तोंड बारीक वाटलं किंवा किडनीची ठेवणच वेगळी असली, तर डाय देऊनही सीटी सांगतील. त्याआधी क्रिएटिनिन तपासायचं.

एक गोष्ट मात्र सीटीवर खात्रीने कळत नाही: तुझी मूत्रवाहिनी दुर्बीण आत घेईल की नाही. दुर्बीण साधारण ३ मिलिमीटर जाड, तिच्यासाठी घालतात ती नळी ४च्या आसपास. वाट घट्ट असली तर शहाणा सर्जन जोर करत नाही, मूत्रवाहिनी फाटू शकते. डीजे स्टेंट टाकतो आणि बाहेर येतो. आठ-पंधरा दिवसांत वाट सैलावते, मग दुसऱ्यांदा जातात. नातेवाईक तेव्हा "पैसे उकळायचे धंदे" म्हणून भांडतात. तू तसं करू नकोस गं.

त्यापेक्षा संमतीपत्रावर सही करण्याआधीच विचार: कोन कसा आहे? एका बैठकीत होईल का? आत जाता आलं नाही तर पुढे काय, आणि खर्च किती वाढेल? लघवीचं कल्चरही झालंय ना, ते बघ. आणि ऑफिसात रजा टाकताना दोन खेपांच्या हिशोबाने टाक. उरली तर माहेरी ये.