छोटे, बँकेचा ब्राउझर वेगळा ठेव

छोटे, परवा फोनवर तू विचारलंस, "ताई, घरच्या लॅपटॉपवर कोनता ब्राउझर ठेवू वं? हे म्हनतेत क्रोम, पोट्टा म्हनते ब्रेव्ह, अन् दुकानातल्या पोरानं तिसरंच काही टाकून देल्लं." मी तेव्हा कुकर लावत होते, म्हणून "थांब, नीट सांगते" म्हटलं आणि ठेवून दिला. आता मामाजी झोपलेत, पोरं आपापल्या खोलीत आहेत. बस, सांगते.

आधी तुझं घर डोळ्यांपुढे आणते. लॅपटॉप एक आणि त्यावर हात पाच जणांचे. जावईबापू कृषी केंद्राचं जीएसटी भरणार. तू बँक पाहणार, लाइट बिल भरणार. मोठी यंदा बारावीला, म्हणजे सीईटीचे फॉर्म, पुढे महाडीबीटीवर स्कॉलरशिप. बारक्याचे शाळेचे प्रोजेक्ट आणि मग दारं लावून गेम. सासूबाईंची भजनं आणि रेसिप्या. अशा घरात "सगळ्यात फास्ट कोणता" या प्रश्नाला फारसा अर्थ राहत नाही. कोणाचं कोणतं काम कुठे चालणार, हे आधी ठरवायचं.

वेगाचं म्हणशील तर, आपण कापसाच्या गावच्या, म्हणून कापसाचंच सांगते. एकाच जिनातून निघालेल्या गाठी असतात, वरचा छाप तेवढा वेगळा. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी यांचं तसंच आहे. आतलं सगळं क्रोमियम नावाच्या एकाच जिनातलं. मायक्रोसॉफ्टनं २०२० च्या जानेवारीत स्वतःचं इंजिन सोडून एजसुद्धा त्यावरच आणला. वेगळ्या जिनातले ठळक दोनच राहिले, मोझिलाचा फायरफॉक्स आणि ॲपलचा सफारी. सफारी तुझ्या लॅपटॉपवर चालत नाही, तो सोड. एका छापाच्या गाठीपेक्षा दुसरी फार हलकी निघेल, या आशेवर बसू नकोस. तुझ्या लॅपटॉपला रॅम ४ जीबी. तिथे कोणताही ब्राउझर एकाच वेळी पंचवीस टॅब उघडे ठेवले की दमतोच. क्रोममध्ये मेमरी सेव्हर आहे, एजमध्ये स्लीपिंग टॅब आहेत, ते चालू कर. आणि मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिसाला टेकतो तेव्हा लॅपटॉप गादीवर ठेवू नकोस, त्याचा पंखा गुदमरतो.

आता माझ्या मनातलं खरं. आई लोणच्याच्या बरणीला कोणाला हात लावू देत नसे, आठवते? चमचा कोरडा, बरणी वरच्या फळीवर, रोजचं वाढायला छोटी वाटी वेगळी. वाटीतलं खराब झालं तर वाटीच फेकायची, वर्षाचं लोणचं वाचायचं. तुला मी तेवढंच सांगणार आहे. पैशाचा ब्राउझर वेगळा, भटकायचा वेगळा. बाकी कोणता निवडलास त्यानं फार बिघडत नाही.

हे मी कशावरून म्हणते ते ऐक. मागच्या वर्षी पावसाळ्यात एका रात्री मी बेडरूममध्ये कपड्यांच्या घड्या घालत होते. हॉलमधून मामाजींचा आवाज आला, "सूनबाई, थोडं या बरं इकडे." त्या आवाजानंच मी धास्तावले. पाहते तर कॉम्प्युटरच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात लाल चौकटी एकावर एक येताहेत. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडला, तुमचं संरक्षण आज संपलं, लगेच पैसे भरा. मामाजींनी कपाटातून डेबिट कार्ड काढून आणलेलं, चष्म्याजवळ धरून नंबर वाचत होते. हात थरथरत होता त्यांचा. तो हात मी अजून विसरले नाही.

मी स्क्रीन बंद केली, त्यांना पाणी दिलं, मग शोधायला बसले. व्हायरस काहीच नव्हता. तुरीचे आणि कापसाचे भाव दाखवणाऱ्या कुठल्याशा साइटवर त्यांनी कधीतरी "अलाउ" दाबलं होतं. ते दाबलं नाही तर भाव दिसणार नाहीत असं त्यांना वाटलं. त्या एका बटणानं त्या साइटला आमच्या स्क्रीनवर केव्हाही चिठ्ठी टाकायची परवानगी मिळाली. मी यादी उघडली तर अशा तेवीस साइट निघाल्या. एकेक करून काढल्या, लाल चौकटी त्याच क्षणी थांबल्या.

म्हणून तुझं पहिलं काम हे. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जा, प्रायव्हसीत साइट सेटिंग किंवा परमिशन सापडेल, तिथे नोटिफिकेशन. आत जी नावं अलाउमध्ये असतील ती काढ आणि पुढे कोणत्याही साइटनं विचारूच नये असं ठरवून टाक. क्रोम, एज, फायरफॉक्स सगळ्यांत ही सोय आहे. एजवर केलं म्हणून क्रोमवर आपोआप होत नाही, प्रत्येकात वेगळं करावं लागतं. पाच मिनिटांचं काम आहे, पण सासूबाईंच्या हाती लॅपटॉप द्यायच्या आधी कर.

आता वाटणी सांगते. माझ्या घरी हीच चालू आहे.

भटकायला फायरफॉक्स. बातम्या, रेसिप्या, बारक्याचे प्रोजेक्ट, मामाजींचे भाव, सगळं तिथे. त्यात यूब्लॉक ओरिजिन नावाचं एक्स्टेन्शन टाक, फुकट आहे. नाव पूर्ण पाहून घे. नुसतं "यूब्लॉक" म्हणूनही एक आहे, ते वेगळं. याच्यानं जाहिराती जातात, आणि जाहिरातींबरोबर ती हिरवी खोटी "डाउनलोड" बटणंही जातात, पोरं ज्यावर फसतात. क्रोमनं एक्स्टेन्शनचे नियम बदलल्यामुळे तिथे २०२५ पासून हे चालत नाही, त्याची लाइट आवृत्ती मिळते. फायरफॉक्समध्ये पूर्ण चालते. आणखी एक मला आवडते. फायरफॉक्स अख्खा मराठीत करता येतो, मेनूपासून सूचनांपर्यंत, आणि हे मराठीकरण आपल्याच लोकांनी स्वयंसेवा म्हणून केलेलं आहे. सासूबाईंना "सेटिंग्ज" वाचत बसावं लागत नाही.

बँक, लाइट बिल, सीईटी, महाडीबीटी, सातबारा, जीएसटी हे क्रोममध्ये. सरकारी आणि बँकेच्या साइट बनवणारे बहुतेक क्रोमवर तपासून पाहतात, म्हणून फॉर्म अडकण्याची शक्यता तिथे कमी. पण त्या क्रोममध्ये एकही एक्स्टेन्शन टाकायचं नाही, कितीही कामाचं दिसलं तरी. एक्स्टेन्शन टाकताना ते काय मागते ते वाचून पाह्य कधी. तुम्ही उघडाल त्या प्रत्येक पानावरचं सगळं वाचायची आणि बदलायची परवानगी मागतात पुष्कळ जण. बँकेचं पान त्यातच आलं. त्या क्रोममधून गुगलवर शोधायचंसुद्धा नाही. पाच-सहा पत्ते बुकमार्क करून वरच्या पट्टीवर ठेव आणि तिथूनच जा. शोधून गेलं की सगळ्यात वर पैसे देऊन लावलेली जाहिरात येते, आणि ती बँकेचीच असेल याची काय खात्री? "आज रात्री तुमची लाइट कापणार" असे मेसेज आपल्याकडे किती जणांना आले. महावितरणचा पत्ता महाडिस्कॉम डॉट इन, तो एकदा हातानं टाइप करून बुकमार्क केला की मेसेजमधल्या लिंकची गरजच उरत नाही.

बँकांचं एक नवीन आहे, लक्षात ठेव. रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपले पत्ते बदलायला सांगितले होते. आता पत्त्याच्या शेवटी "डॉट बँक डॉट इन" पाहायचं. हे नाव बँकांशिवाय कोणाला मिळत नाही. नुसतं कुलूप दिसलं म्हणून साइट खरी, हे डोक्यातून काढून टाक. कुलपाचा अर्थ एवढाच की तुझ्या आणि त्या साइटच्या मधे कोणी ऐकत नाही. समोर बसलेला चोर असला तरी कुलूप दिसतेच. लोकांचा हाच गैरसमज होतो म्हणून क्रोमनं सप्टेंबर २०२३ मध्ये ते चिन्हच काढून टाकलं. आणि देव न करो, पण पैसे गेलेच, तर रडत बसू नकोस, कोणाला सांगायला लाजू नकोस. त्याच मिनिटाला १९३० वर फोन लाव. जितका लवकर लागेल तितके पैसे वाटेत अडवता येतात.

एज विंडोजबरोबर येतेच, तो काढू नकोस. त्याचं एक काम असं आहे की त्यासाठी मी त्याला जन्मभर ठेवीन. मामाजींच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं राहिलेलं. पेपर हाती घेऊन नुसते बसून राहायचे, बघवत नसे. एजमध्ये मराठी पान उघडायचं, कंट्रोल, शिफ्ट आणि यू दाबायचं, की तो ते पान मराठीत वाचून दाखवतो. आरोही आणि मनोहर असे दोन आवाज आहेत, नेट चालू लागते. पहिल्या दिवशी मी देशोन्नतीची एक बातमी लावून दिली. मामाजी आधी दचकले, मग कान देऊन ऐकत राहिले, आणि बातमी संपल्यावर मला विचारलं, "हे पोरगी कुठली वं, आपल्या इकडची नाही वाटत." आता सकाळचा चहा आणि आरोही, दोन्ही बरोबर. वेग कमी करता येतो, तो कमी करून दे म्हणजे म्हाताऱ्या माणसाला सोसते. तुझ्या सासूबाईंना अक्षरं लागत नाहीत म्हणालीस ना, त्यांना हे लावून देच.

जावईबापूंना सांग, एखादी जुनी साइट "फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्येच चालेल" म्हणून अडून बसली, तर घाबरायचं नाही. एक्सप्लोरर १५ जून २०२२ ला निवृत्त झाला, पण एजमध्ये एक्सप्लोरर मोड ठेवलेला आहे, तिथे काम होऊन जाते.

बारक्याचा ब्रेव्ह वाईट नाही. जाहिराती तो स्वतःच अडवतो, वेगळं काही टाकावं लागत नाही. मला फक्त त्यातलं वॉलेट आणि रिवॉर्ड प्रकरण पोरांच्या हाती नको वाटते. ठेवायचा हट्टच धरला तर ते बंद करून दे. आपल्या देशातला म्हणून झोहोचा उला पाहायचा असेल तर पाह्य. तमिळमध्ये उला म्हणजे फेरफटका. २०२५ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारच्या भारतीय ब्राउझर स्पर्धेत झोहोला पहिलं बक्षीस मिळालं, एक कोटीचं. जिन तोच, क्रोमियमचा, पण त्यात लहान मुलांसाठी वेगळा मोड आहे. बारक्यासाठी करून पाहण्यासारखं आहे. गावाकडे मोठे काका अजून जुन्या फोनवर यूसी ब्राउझर वापरतात, तेवढा मात्र पुढच्या वेळी गेलीस की काढून टाक. २९ जून २०२० ला सरकारनं बंदी घातलेल्या ५९ ॲपमध्ये तो होता. तेव्हापासून आपल्याकडे त्याला कोणी वाली नाही.

लॅपटॉप जुना घेतलास, विंडोज १० आहे, म्हणून दुकानदारानं घाबरवलं असेल. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं. एजचे अपडेट मात्र तिथे २०२८ च्या ऑक्टोबरपर्यंत येत राहतील असं मायक्रोसॉफ्टनं सांगितलंय. निभेल तुझं काही दिवस, पैसे जमले की बदल. आमच्याकडे माळ्यावरचा विंडोज ७ वाला आहे, तिथे क्रोम १०९ वर येऊन २०२३ मध्ये थांबला. त्यावर आम्ही बँक उघडत नाही, फक्त गाणी लावतो.

पासवर्डचं एक बोलते आणि थांबते. "पासवर्ड सेव्ह करू का" असं ब्राउझर विचारतो तेव्हा भटकायच्या ब्राउझरमध्ये हो म्हण, बँकेला नाही म्हण. मोठी ऑनलाइन सेंटरवर फॉर्म भरायला गेली की तिला सांग, गेस्ट किंवा इन्कॉग्निटो खिडकी उघडायला लाव आणि उठताना ती बंद झाली का ते स्वतः पाह्य. माझ्या भाचीनं दोन वर्षांपूर्वी एका सेंटरवर स्कॉलरशिपचा फॉर्म भरला, पासवर्ड तिथेच सेव्ह होऊन राहिला. पुढच्या मुलीनं नकळत तिच्याच खात्यात स्वतःचं उत्पन्नाचं प्रमाणपत्र चढवलं. दोघींचे अर्ज परत आले. दोन गरीब घरांच्या पोरींचा एकेक महिना गेला त्यात, कोणाचीच चूक नसताना.

शनिवारी सकाळच्या एसटीनं येते अकोल्याला, दुपारी बसून सगळं लावून देते. सांबारवडी करून ठेवशील तर बरं. तोवर त्या लॅपटॉपवर बँक उघडू नकोस, आणि सासूबाईंना एवढंच सांग की स्क्रीनवर काहीही "अलाउ" विचारलं तर बोट लावायच्या आधी तुला हाक मारायची, तू चुलीजवळ असलीस तरी.