तबकडी का रुसली?

(मोठ्या गटासाठी आणि पालकांसाठी)



२०२४ च्या दिवाळी अंकाची तयारी चालू होती तेव्हा शिशुवर्गातल्या एका मुलीच्या आईने विचारले, "मी नऊ वर्षांची होते, १९९८ साली. ह्याच वर्गाच्या अंकात मी माझ्या आजोबांवर लिहिलं होतं. तो अंक कुणाकडे मिळेल का?" त्यांच्याकडची प्रत घर बदलताना हरवली होती. आजोबाही आता नाहीत.

जुने अंक कोणाकडे आहेत याची विचारपूस करता करता मिसिसागाच्या काकांचे नाव निघाले. पहिल्या काही वर्षांचे अंक काकूंनी त्यांच्या घरच्या संगणकावर टाइप केले होते. १९९६ साली घेतलेला पेन्टियम, त्यावर विंडोज ९५. हार्ड डिस्क भरत आली म्हणून २००१ साली काकांनी सगळे अंक, स्नेहसंमेलनातली रेकॉर्ड केलेली गाणी आणि स्कॅन केलेले फोटो एका सीडीवर उतरवले आणि हार्ड डिस्क मोकळी केली. प्रत एकच केली. (पालकहो, ह्या वाक्यापाशी जरा थांबा आणि आपल्या घरातले कपाट आठवा.)

ती सीडी मी घरी आणली आणि लॅपटॉपला यूएसबीचा ड्राइव्ह लावून त्यात घातली. फायलींची यादी दिसली. पण अंक उघडला तर मराठी नव्हतेच! इंग्रजी अक्षरे, प्रश्नचिन्हे आणि चौकोन यांची नुसती खिचडी. याचे कारण असे, की त्या काळी मराठी अक्षरांना जगभर मान्य असे एकच क्रमांक वापरात नव्हते. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ सालीच आली होती, पण विंडोजमध्ये तिची सोय विंडोज २००० पासून झाली. तोपर्यंत पुण्याच्या सी-डॅकचे आयएसएम निराळे आणि मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी निराळी, प्रत्येकाची अक्षरांची मांडणी आपापली. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचे चित्र बसवलेले असे. तो फॉन्ट आणि तो प्रोग्राम नसेल तर वाचणार कसे? काकूंचा प्रोग्राम जुन्या संगणकावरच होता आणि प्रिंटरच्या पोर्टला एक छोटी डबी, म्हणजे डाँगल, लावल्याशिवाय तो उघडत नसे. डबी काकांनी जपून ठेवली होती, पण नव्या लॅपटॉपला ती लावायला जागाच नाही.

म्हणजे सीडी जुन्या संगणकातच वाचायला हवी होती. आणि काकांनी फोनवर सांगितले, "अगं, त्याचा सीडी ड्राइव्ह केव्हाच बंद पडलाय."

आता आपल्या धड्याचा शब्द: निदान. 'निदान आज तरी गृहपाठ कर' असे आई म्हणते, तिथे निदान म्हणजे 'कमीत कमी'. डॉक्टर निदान करतात तेव्हा त्याचा अर्थ 'रोग कोणता ते ओळखणे'. यंत्राचेही निदानच करतात. रोग ओळखण्याआधी औषध देणारा डॉक्टर जसा धोक्याचा, तसाच आधी स्क्रू काढणारा इंजिनियर. हे मी अनुभवाने सांगते.

दुसरा शब्द तबकडी. पूर्वी ग्रामोफोनच्या रेकॉर्डला तबकडी म्हणत. गोष्टीतल्या परग्रहावरच्या यानाला उडती तबकडी म्हणतात. सीडीलाही आपण तबकडीच म्हणू.

२०२५ च्या जानेवारीत मी आणि माझा बारा वर्षांचा मुलगा काकांकडे गेलो. संगणक गॅरेजमध्ये होता आणि बाहेर उणे चौदा. आत आणून लगेच चालू करायचा नाही, हे कॅनडातल्या मुलांनी लक्षात ठेवावे. थंडीतून आत आल्यावर चष्म्यावर जसे धुके जमते तसेच संगणकाच्या आत पाणी जमते, आणि पाणी व वीज यांचे जमत नाही. काकूंनी पोहे केले, गप्पा झाल्या, चार तास गेले. दुसरी गोष्ट, हिवाळ्यात घरातली हवा कोरडी असते. गालिच्यावरून चालत येऊन दाराच्या मुठीला हात लावला की चटका बसतो ना? तोच चटका संगणकाच्या चिपला मारक ठरू शकतो. म्हणून आतल्या भागाला हात लावण्याआधी पेटीच्या उघड्या लोखंडाला हात लावायचा.

चालू केला. घड्याळ म्हणाले, १९८० साल! कोणते ड्राइव्ह जोडले आहेत हेही तो विसरला होता. ह्या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवण्यासाठी मदरबोर्डवर नाण्याएवढी एक बॅटरी असते, नाव सीआर २०३२. ती संपली होती. औषधांच्या दुकानातही मिळते. ती बदलली, तारीख भरली, ड्राइव्ह शोधायला लावले, आणि पडद्यावर सीडी ड्राइव्हचे नाव उमटले. म्हणजे वीज पोचते आहे आणि केबल ठीक आहे. नाव उमटले नसते तर मात्र केबल, आणि मागची मास्टर-स्लेव्हची छोटी टोपी, म्हणजे जंपर, आधी पाहावी लागली असती.

पण बटण दाबले तर नुसती घरघर. ताटली बाहेर येईना. मोटर फिरते आणि ताटली हलत नाही, म्हणजे मधला दुवा सुटला आहे. तो दुवा म्हणजे रबराचा छोटा पट्टा. वर्षांनुवर्षांत तो सैल आणि गुळगुळीत होतो. ताटलीच्या खाली टाचणीएवढे भोक असते. संगणक बंद करून त्यात सरळ केलेली पेपरक्लिप हलकेच ढकलली की ताटली पुढे येते. मग ड्राइव्ह काढून उघडला, पट्टा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला. तो तात्पुरता चालला. नवा नंतर मागवून बसवला.

आता तबकडी आत गेली. विंडोज म्हणाले, ड्राइव्ह तयार नाही.

इथे मुलगा म्हणाला, "आई, दुसरा ड्राइव्ह घेऊन टाकू." तसे करता आले असते. पण मग बिघाड कुठे आहे ते कळले नसते, आणि नव्या, म्हणजे दुसऱ्याच्या जुन्या, ड्राइव्हनेही तेच केले तर? आपल्याला माहीत काय होते ते पाहू. तबकडी लॅपटॉपमध्ये वाचता येत होती, म्हणजे तबकडी बरी. आता ड्राइव्ह बरा आहे का, हे संगणकाला न विचारता कसे पाहायचे?

त्या काळच्या ड्राइव्हची एक गंमत अशी, की पुढच्या बाजूला हेडफोनचे भोक आणि अनेकांवर गाणे लावायचे बटणही असे. गाण्याची सीडी घातली तर ड्राइव्ह एकटाच ती वाजवतो. विंडोज नको, ड्रायव्हर नको. काकूंनी भावगीतांची सीडी दिली. हेडफोन लावले, बटण दाबले, आणि गाणे स्वच्छ वाजू लागले. काकूंनी हेडफोन परत द्यायला बराच वेळ लावला, ते वेगळे.

म्हणजे मोटर, लेसर, भिंग सगळे चालू. मग विंडोज ९५ ची मूळ सीडी घातली. तीही उघडली, म्हणजे केबल आणि ड्रायव्हरही बरे. (कोणाकडे नुसते डॉस असेल तर इथेच गाडी अडते. कॉन्फिग फाइलमधल्या ड्रायव्हरच्या ओळीत दिलेले नाव आणि ऑटोएक्झेक फाइलमध्ये एमएससीडेक्सला दिलेले नाव अक्षरशः एकच हवे.)

आता पंचाईत पाहा. तबकडी बरी, ड्राइव्ह बरा, पण दोघांचे एकमेकांशी जमत नाही! मुलगा म्हणाला, "आई, मी आणि दादासारखं." उपमा चांगली होती.

दोन्ही तबकड्या उलट्या करून दिव्याखाली धरल्या तेव्हा फरक दिसला. गाण्याची तबकडी चांदीसारखी, आपली हिरवट. गाण्याची तबकडी कारखान्यात साच्याने छापतात. तिच्यावर बारीक खळगे असतात. घरी लिहिलेल्या तबकडीत खळगे नसतात, रंगाचा एक थर असतो आणि लेसरने त्यावर डाग पाडतात. दोन्हींत माहिती एका चक्राकार रेघेवर, मधून सुरू होऊन कडेकडे जाते. ह्या रेघेची लांबी पाच किलोमीटरपेक्षा जास्त! शेजारच्या दोन फेऱ्यांमध्ये अंतर १.६ मायक्रॉन, म्हणजे एका केसाच्या जाडीत अशा पन्नासेक फेऱ्या बसतील. भिंग लेसरचा प्रकाश ह्या रेघेवर टाकते आणि परत येणारा प्रकाश मोजते. रंगाच्या थरावरून प्रकाश थोडा कमी परततो. भिंग स्वच्छ असेल तर तेवढा पुरतो. भिंगावर जवळजवळ तीस वर्षांची धूळ असेल तर छापलेली तबकडी कशीबशी वाचली जाते आणि लिहिलेली हुकते. (पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडीवरून तर प्रकाश फारच कमी परततो, सुरुवातीच्या काळातले कित्येक ड्राइव्ह ती वाचतच नाहीत.)

संगणक बंद करून, कानकाडीला अल्कोहोलचा थेंब लावून भिंग अगदी हलक्या हाताने पुसले. भिंग स्प्रिंगसारख्या बारीक तारांवर बसवलेले असते, दाबायचे नाही. आणि झाकण उघडे ठेवून ड्राइव्ह कधीही चालू करायचा नाही. हा लेसर ७८० नॅनोमीटरचा, जवळजवळ अदृश्य; डोळ्यात गेला तरी चटकन कळत नाही.

तबकडीही पुसली, मधून कडेकडे, सरळ रेषेत. गोल गोल नाही. पुण्यात इंजिनियरिंगला असताना आम्ही सीडी ओढणीला गोल घासून पुसत असू, ते चुकीचे होते. सीडीवर माहितीबरोबर जास्तीचे आकडे लिहिलेले असतात. अमेरिकेतल्या रीड आणि सॉलोमन या दोघांनी १९६० साली ते गणित मांडले. त्यामुळे रेघेवरचा सुमारे अडीच मिलिमीटरचा तुकडा नाहीसा झाला तरी ड्राइव्ह तो हिशेबाने पुन्हा भरून काढतो. आडवा ओरखडा रेघेचा जरासाच भाग खातो. पण रेघेच्या बाजूने गेलेला ओरखडा लांबलचक तुकडा खातो आणि मग हिशेब जुळत नाही.

तबकडी घातली. ड्राइव्ह थांबला, फिरला, पुन्हा थांबला. मग यादी आली. काकूंनीच नावे वाचून दाखवली, कारण सगळी आठ अक्षरांत कोंबलेली होती आणि त्यांचा अर्थ त्यांनाच ठाऊक. काकांनी डबी लावली, १९९८ चा दिवाळी अंक उघडला, आणि पडद्यावर मराठी!

त्या ताईंचा निबंध तिसऱ्या पानावर होता. अकरा ओळी. आजोबा सांगलीहून पहिल्यांदाच आले, बर्फ पाहून त्यांनी अंगणात रांगोळी काढायचे ठरवले, आणि रंग बर्फात मुरले म्हणून सगळे हसले. शुद्धलेखनाच्या चुका काकूंनी तशाच ठेवल्या होत्या. फोटो काढून लगेच पाठवला. ताईंचा फोन आला, पण त्या फारसे बोलू शकल्या नाहीत.

दोन अंक मात्र गेले. तबकडीवर काकांनी कागदी लेबल चिकटवले होते, ते कडेला उचकटले होते आणि त्याबरोबर चांदीचा थर निघाला होता. दिव्यासमोर धरले तर तिथून आरपार दिसते. आपण खालची बाजू जपतो, पण माहितीचा थर वरच्या बाजूला, पातळ लाखेखाली असतो. तबकडी जवळजवळ भरलेली होती, आणि शेवटी लिहिलेले कडेला जाते. त्या दोन फायली जुन्या ड्राइव्हने वाचल्या नाहीत, लॅपटॉपनेही नाहीत. अशा जागी रीड-सॉलोमनही काही करू शकत नाहीत.

पालकांसाठी एक आकडा: ओटावाच्या कॅनेडियन कॉन्झर्वेशन इन्स्टिट्यूटने तबकड्यांच्या आयुष्याचे अंदाज दिले आहेत. सोन्याचा थर आणि थॅलोसायनीन रंग असलेली सीडी शंभर वर्षांहून जास्त, तोच रंग आणि चांदी असेल तर पन्नास ते शंभर, बाकीच्या रंगांच्या वीस ते पन्नास. आपल्या घरातल्या लग्नाच्या, बारशाच्या बहुतेक सीडी वीस वर्षे केव्हाच ओलांडून बसल्या आहेत.

वाचवलेले अंक मोठ्या गटातली मुले आता फोटोवरून युनिकोडमध्ये टाइप करत आहेत. ज्यांना मदत करायची आहे त्यांनी शनिवारी वर्गानंतर थांबावे. गेलेले दोन अंक म्हणजे गुढीपाडवा २००० आणि दिवाळी २०००. ते तेव्हा कागदावर झेरॉक्स करून घरोघर वाटले होते. कोणाच्या बेसमेंटमध्ये, फाइलीत, रेसिपीच्या वहीत एखादी प्रत असेल तर कृपया घेऊन या. मूळ प्रत तुम्हाला त्याच दिवशी परत मिळेल.