पाताळ भुवनेश्वर : थेंबाथेंबाने घडलेले देवस्थान

उत्तराखंडातील पिथौरागढ जिल्ह्यात, गंगोलीहाटपासून सुमारे १४ कि. मी. अंतरावर श्रीपाताळ भुवनेश्वराची गुहा आहे. स्कंदपुराणाच्या मानसखंडात या स्थानाचे माहात्म्य वर्णिले आहे, असे परंपरा सांगते. अरुंद मुखातून साखळीच्या आधाराने सुमारे ९० फूट खाली उतरल्यावर शेषनागाचा फणा, शंकराच्या जटा, ऐरावताचे पाय अशी रूपे भाविकांना पाषाणात दिसू लागतात.

वेरूळ व घारापुरीची लेणी कारागिरांनी छिन्नी-हातोड्याने काळ्या पाषाणात कोरली. ही गुहा मात्र चुनखडकातील असून पाण्याने घडविली आहे. पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते आणि भेगांतून झिरपताना चुनखडक विरघळविते. तेच पाणी छतातून ठिबकले की हा वायू निसटतो व विरघळलेला चुना पुन्हा थरांनी साचतो. छतापासून लोंबतो तो अधोमुखी लवणस्तंभ. भूमीवरून वर वाढतो तो ऊर्ध्वमुखी.

गुहेत चार युगांची प्रतीके मानलेल्या शिळा आहेत. कलियुगाची शिळा वाढत जाऊन छतास टेकेल तेव्हा युगान्त होईल, अशी श्रद्धा आहे. चुनखडकाच्या गुहांतील असे पाषाण वाढतात, हे विज्ञानही सांगते. परंतु एक सेंटिमीटर वाढीस सामान्यतः शंभर वर्षे लागतात.

या थरांत प्राचीन पर्जन्याची नोंदही राहते. मेघालयातील मावम्लुह गुहेतील एका लवणस्तंभावरून सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी पर्जन्यमान घटल्याचे दिसून आले. त्यावरूनच भूशास्त्रज्ञांनी सन २०१८ मध्ये वर्तमान कालखंडास ‘मेघालयन’ हे नाव दिले.

म्हणून भाविकांना नम्र विनंती, की पूजास्थान वगळता अन्य पाषाणांस हात लावू नये. हाताचा तेलकटपणा बसल्यास तेथे चुना नीट साचत नाही व पाषाण काळवंडतो. प्रसाद वा स्मृती म्हणून खड्याचा तुकडाही तोडू नये. ज्यांना श्वासाचा वा हृदयाचा विकार आहे, त्यांनी वैद्यकीय सल्ल्याविना आत उतरू नये. दानशूर भक्तांनी गुहेत फरशी, रंग वा कायमचे दिवे अर्पण करण्याचा आग्रह धरू नये. जे शतकानुशतके थेंबाथेंबाने घडले, ते जसे आहे तसे पुढील पिढीच्या स्वाधीन करणे, हीच येथील खरी सेवा होय.